रब्बी आणि कोकणचे बेने इस्राएल
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात अंबाडी येथे दिलेले व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द गेले कित्येक महिने आपल्या धर्मग्रामात लहानथोरांच्या तोंडी आहे. मंडप कोठे घालावा, गायनवृंदाने कोणती गीते बसवावी, पाहुण्यांच्या पंगती किती उठतील, ह्या सर्व विचारांच्या मुळाशी हाच एक शब्द. परंतु तो मूळचा कोणाचा, ह्याचा विचार आपल्यापैकी थोड्यांनीच केला असेल. तो इंग्रजांचा नव्हे, पोर्तुगिजांचा नव्हे, आणि रोमचाही नव्हे. तो यहुदी लोकांचा आहे. त्यांच्या इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. सात वर्षांची सात आवर्तने पुरी झाली की पन्नासाव्या वर्षी हे शिंग देशभर फुंकावे, हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि दास झालेल्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे, अशी आज्ञा जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. ज्यांचा शब्द उसना घेऊन आपण आज सण करीत आहोत, त्यांची दोन घटका आठवण करणे हा साधा शिष्टाचार होय.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "फादर, शिष्य प्रभू येशूला 'रब्बी' म्हणत असत. मग प्रभू येशू यहुद्यांचा पाद्री होता काय?" मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मुलास खाली बसविले. मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही. त्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आज आपणा सर्वांसमक्ष देण्याचे योजिले आहे. ऐकता ऐकता तो प्रश्न केवळ यहुद्यांविषयीचा नसून तुमच्या माझ्या घराविषयीचा आहे, असे आपणांस दिसून येईल.

'रब' म्हणजे थोर; 'रब्बी' म्हणजे माझे थोर, अर्थात गुरुजी. संत योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ह्या शब्दाचा अर्थ गुरू असा फोडून सांगितला आहे. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरियेने बागेत प्रभूला ओळखले तेव्हा तिच्या तोंडून हीच हाक निघाली. परंतु गुरू निराळा आणि याजक निराळा. यहुद्यांचे याजक म्हणजे लेवीच्या वंशातील अहरोनाची संतती. त्यांचे काम जेरुसलेमच्या मंदिरात वेदीवर यज्ञ अर्पण करण्याचे. मंदिर सर्व राष्ट्रात एकच, आणि याजकपण जन्माने येणारे. प्रभू येशू देहाने यहुदाच्या वंशातील. त्यास जेरुसलेमच्या वेदीचा अधिकार नव्हता, ही गोष्ट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे. त्याचे याजकपण निराळ्या आणि श्रेष्ठ प्रकारचे. लोक त्यास रब्बी म्हणत ते याजक म्हणून नव्हे, तर शास्त्र उलगडून सांगणारा गुरू म्हणून. मंदिर एक असले तरी सभास्थाने गावोगाव होती; तेथे शब्बाथ दिवशी नियमशास्त्र वाचले जाई आणि जाणत्याने त्यावर बोलावे अशी रीत होती. नाझरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाचा ग्रंथ उघडला तो ह्याच रीतीप्रमाणे.

पुढे इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीत ह्याने जेरुसलेम जिंकले आणि मंदिर जळून गेले. वेदी गेली, यज्ञ गेला, याजकांना काम उरले नाही. सर्व धर्म ज्या एका वास्तूभोवती गुंफलेला होता ती वास्तूच नाहीशी झाल्यावर तो धर्म संपलाच असे कोणीही म्हटले असते. परंतु योहानान बेन झक्काई नावाचा एक वृद्ध गुरू वेढ्यातून निसटला. शिष्यांनी त्यास शवपेटीत घालून, मयत म्हणून शहराबाहेर काढले, अशी कथा आहे. यावने ह्या गावी त्याने शिष्य जमविले. यज्ञाची जागा प्रार्थनेने, शास्त्राध्ययनाने व दानधर्माने भरून काढावी, हा मार्ग त्याने व त्याच्या मागून आलेल्यांनी घालून दिला. सुमारे इसवी सन २०० मध्ये यहुदा नावाच्या आचार्याने मौखिक परंपरेचे नियम 'मिश्ना' ह्या ग्रंथात एकत्र केले, आणि त्यावरील शेकडो वर्षांच्या चर्चेतून 'तालमूद' सिद्ध झाला. हे कार्य ज्यांनी केले ते रब्बी. आज आपण ज्यास यहुदी धर्म म्हणतो तो मुख्यत्वे त्यांनी सांभाळून पुढे दिलेला धर्म होय.

तर मग रब्बी नेमके करतो काय? तो शिकवितो आणि निर्णय देतो. अमुक अन्न शुद्ध की अशुद्ध, अमुक काम शब्बाथ दिवशी करावे की न करावे, अमुक विवाह शास्त्रास धरून आहे की नाही, घटस्फोटाचे पत्र विधिपूर्वक लिहिले गेले की नाही, परधर्मातून येणाऱ्यास कसे स्वीकारावे, असे प्रश्न त्याच्यापुढे येतात. अवघड प्रकरणी तिघांचे न्यायमंडळ बसते. परंतु प्रार्थनेसाठी रब्बी हवाच असे नाही. जुन्या रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होऊ शकते. त्यांच्यापैकी कोणीही जाणता पुढे उभा राहतो, किंवा 'हज्जान' म्हणजे प्रार्थना गाऊन चालविणारा नेमलेला असतो. रब्बीची नेमणूक ही त्याच्या विद्येची साक्ष होय, संस्कार नव्हे. तो विवाहित असतो, आणि जुन्या काळी विद्या विकून पोट भरू नये असा दंडक असल्याने पुष्कळ रब्बी हातचा धंदा करीत. थोर तत्त्ववेत्ता मैमोनिदेस वैद्यकीवर चरितार्थ चालवी. तो १२०४ मध्ये वारला. गमलिएल गुरूच्या पायाशी शिकलेला आपला संत पौलही तंबू शिवीत असे, हे आपणांस ठाऊकच आहे.

आपला धर्मगुरू मात्र प्रथम वेदीचा माणूस आहे. ख्रिस्तयाग, पापक्षमा आणि रुग्णांचा अभ्यंग हे त्याच्या हातून होतात, ते दीक्षेमुळे होतात, आणि त्याची जागा केवळ विद्येने दुसरा कोणी घेऊ शकत नाही. हा भेद मनात पक्का ठेवून पुढे चलावे.

आता आपणांस जेरुसलेमला जाण्याचे प्रयोजन नाही. येथून भिवंडीमार्गे ठाण्यास गेलात, तर तेथे १८७९ साली बांधलेले यहुद्यांचे सभास्थान आहे. त्याचे नाव 'शार हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. पवित्र मरियेच्या लितानीत आपण तिला ह्याच नावाने हाक मारतो. हे सभास्थान बांधणारे लोक परदेशचे व्यापारी नव्हते. ते तुमच्या माझ्यासारखेच कोकणचे, घरी मराठी बोलणारे, दिवेकर, केहीमकर, पेणकर, अष्टमकर, राजपूरकर अशी गावांवरून आडनावे लावणारे. त्यांच्या समाजाचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संतती.

त्यांची परंपरा असे सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागजवळ नवगाव येथे किनाऱ्यावर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांस तेथेच मूठमाती दिली. ती जागा ते आजही पवित्र मानतात. वाचलेले लोक कुलाब्याच्या गावांतून पसरले आणि तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले.

ह्या लोकांजवळ काय उरले होते, हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ग्रंथ उरला नव्हता. इब्री भाषा उरली नव्हती. सभास्थान नव्हते. आणि रब्बी तर शतकानुशतके नव्हताच. उरल्या होत्या त्या चार गोष्टी: शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, अन्नाचे नियम, आणि 'शेमा' नावाची एक प्रार्थना, जीत देव एकच आहे अशी कबुली आहे. ह्या समाजाविषयी लिहिलेले १७३८ सालचे एका पाद्र्याचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यातही ह्या लोकांपाशी धर्मग्रंथ नाहीत आणि ही प्रार्थना तेवढी त्यांना ठाऊक आहे, अशाच अर्थाचा मजकूर आहे. सणांची इब्री नावे ते विसरले, परंतु सण विसरले नाहीत. त्यांनी त्यांस घरातील नावे दिली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. प्रायश्चित्ताच्या महान दिवसाला ते 'दारफळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारे लावून, उपास करून, सर्वांनी आत बसावयाचे. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोकदिवस कोकणात वालाच्या बिरड्याच्या नावाने ओळखला गेला! आपणांस हसू येईल. परंतु जे स्वयंपाकघरात शिरले ते टिकले, हे त्यातील मर्म आहे.

पुढे कोचीनकडून दाविद रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. तो केव्हा आला ह्याविषयी मतभेद आहेत. समाजाची परंपरा त्यास कित्येक शतके मागे नेते, तर काही अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. हे शनिवार पाळणारे तेली खरोखरच आपले बांधव आहेत की काय, अशी त्यास शंका होती. त्याने त्यांस वंशावळ विचारली नाही, शास्त्रार्थही विचारला नाही. त्याने बाजारातून निरनिराळी मासळी आणवून घरातील स्त्रियांपुढे ठेविली आणि रांधावयास सांगितले. मोशेच्या नियमाप्रमाणे पंख व खवले असलेलीच मासळी खावयाची. मुशी, शिंगाळा, वाम, कोळंबी, चिंबोरी हे सर्व वर्ज्य. त्या स्त्रियांनी एक शब्द न बोलता वर्ज्य मासळी बाजूस काढली आणि सांगितले की, ही आमच्याकडे चालत नाही. रहाबीची खात्री पटली. बंधुभगिनींनो, ह्या परीक्षेस पुरुष बसलेच नव्हते. परीक्षा चुलीपाशी झाली, आणि उतरल्या त्या स्त्रिया.

परंतु गोष्ट येथे संपत नाही, आणि संपली असती तर तिचा अर्धाच बोध झाला असता. रहाबी 'शाबास, तुम्हांस गुरूची गरज नाही' असे म्हणून निघून गेला नाही. तो राहिला. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ह्या तीन घराण्यांतील तिघांस त्याने इब्री वाचन व विधी शिकविले. हेच त्यांचे पहिले 'काजी'. शब्द मुसलमानी राजवटीतला, पण काम यहुदी. ते गावोगाव हिंडून सुंता करीत, लग्ने लावीत, मृतांस माती देत, आणि तंटे तोडीत. रब्बी त्यांस म्हणता येणार नाही, कारण तितकी विद्या त्यांच्यापाशी नव्हती. परंतु एका गावाचे दुसऱ्या गावाशी आणि घराचे शास्त्राशी तुटलेले सूत त्यांनी पुन्हा जोडले.

त्यानंतर ह्या समाजाने विद्येसाठी केलेली धडपड पाहून आपण लाजावे अशी आहे. कंपनी सरकारच्या पलटणीतील समाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल एझिकिएल हे दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईस पहिले सभास्थान बांधले. लोक बोलीत त्यास 'जुनी मशीद' म्हणत. तेथे ठेवण्यासाठी नियमशास्त्राच्या गुंडाळ्या आणाव्या म्हणून ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच वारले. १८२६ पासून कोचीनचे शिक्षक येऊन कोकणातील गावांत शिकवू लागले. पनवेलला १८४९ साली सभास्थान झाले.

ह्याच काळात त्यांस एका अनपेक्षित ठिकाणाहून मदत मिळाली. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळा आणि स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन ह्यांनी त्यांच्या मुलांस शिकविले. विल्सन ह्यांनी इब्री व्याकरणावर मराठीत पुस्तकही छापले, ते १८३२ साली. ह्या प्रॉटेस्टंट मंडळींचा हेतू त्यांस ख्रिस्ती करण्याचा होता. त्यांनी तो लपविला नाही. घडले ते असे की, मराठीत जुना करार हाती येताच बेने इस्राएल लोक आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. फारच थोडे ख्रिस्ती झाले. देवाचे मार्ग आपल्या हिशेबात मावत नाहीत, एवढेच म्हणून मी पुढे जातो.

मग त्यांच्यातच विद्वान निपजले. जोसेफ एझिकिएल राजपूरकर हे १८३४ मध्ये जन्मले आणि १९०५ मध्ये वारले. त्यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली व मुंबई विद्यापीठात ते इब्रीचे परीक्षक झाले. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा 'हग्गादा' १८७४ मध्ये पुण्यास मराठी भाषांतरासह व चित्रांसह छापला गेला. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तनाची परंपरा सुरू केली: टाळ आणि पेटी घेऊन, अभंग-साकी-दिंडीच्या चालींवर अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्याने. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून हेच केले होते. हायम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी समाजाच्या मुलांसाठी १८७५ मध्ये मुंबईस शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला; तो त्यांच्या मागे, १९३७ साली, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पाहा, त्यांच्यात रब्बी नव्हता. परंतु शिक्षक, छापखाना, कीर्तनकार आणि हज्जान ह्या चौघांनी मिळून रब्बीचे पुष्कळसे काम उचलले.

आता ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर ह्यांतील बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. शतकानुशतके ज्या भूमीकडे तोंड करून प्रार्थना केली तेथे पोहोचल्यावर त्यांच्यापुढे एक अनपेक्षित भिंत उभी राहिली. विवाह लावण्याचा अधिकार तेथे रब्बींच्या हाती. १९६२ साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम ह्यांच्या कार्यालयातून असे नियम निघाले की, बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न इतर यहुद्याशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडील मागील पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी. रब्बींची अडचण अशी होती की, ज्या समाजात इतकी शतके रब्बी नव्हता तेथे घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील ह्याची खात्री कशी धरावी? शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न निरर्थक नव्हता. परंतु ज्यांच्या आज्यांनी रब्बीवाचून, ग्रंथावाचून, केवळ शेमाच्या आणि मासळीच्या निवडीच्या बळावर धर्म राखला, त्यांस तुमच्याकडे रब्बी नव्हता म्हणून तुम्ही संशयित, असे ऐकावे लागले. त्यांच्या मनास काय वाटले असेल? त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील लोकसभेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, आणि पुढे रब्बींच्या नियमांतून त्यांचे नाव वगळले गेले.

ह्या प्रसंगावरून रब्बींस नावे ठेवण्याची घाई आपण करू नये. आपल्या ख्रिस्तसभेने यहुद्यांशी केलेला व्यवहार आठवला तर मान खाली जाते. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनने यहुदी वंशाच्या नवख्रिस्त्यांचा छळ केला, हे सत्य आहे. १९६५ च्या २८ ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविरुद्धचा द्वेष व छळ ह्यांचा निषेध केला, आणि १३ एप्रिल १९८६ रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल स्वतः रोमच्या सभास्थानात गेले. तेथील मुख्य रब्बी एलियो तोआफ ह्यांनी त्यांचे स्वागत केले. आणि आपल्या मुंबईतील ती काळरात्र कोण विसरेल? २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउसमध्ये, वाटसरू यहुद्यांसाठी घर उघडे ठेवणारे तरुण रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारली गेली. त्यांच्या लहानग्या मुलास त्याच्या भारतीय दाईने उचलून बाहेर आणले. रब्बी म्हणजे कोण, ह्याचे एक उत्तर त्या घराच्या उघड्या दारातही आहे.

असो. बेने इस्राएल समाजाची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, 'फादर, ते यहुदी. आपल्यात धर्मगुरूवाचून कसे चालेल?' त्यास मी आपल्याच घरातील एक कथा सांगतो. जपानात १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. १६४४ नंतर त्या देशात एकही उरला नाही. दोनशेहून अधिक वर्षे गेली. १८६५ च्या मार्च महिन्यात नागासाकीच्या नव्या देवळात फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता उराकामी खेड्यातील काही माणसे आत आली. एका स्त्रीने हळूच सांगितले की, आमचे आणि तुमचे अंतःकरण एक आहे. आणि तिने विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? पुढे गावोगावचे गुप्त ख्रिस्ती पुढे आले. हा खरा आपलाच धर्मगुरू की काय, हे त्यांनी पारखून घेतले: रोमच्या परमगुरूस तो मानतो काय, त्यास बायकामुले आहेत काय, हेही विचारले. रहाबीने लोकांची परीक्षा घेतली. नागासाकीस लोकांनी धर्मगुरूची परीक्षा घेतली! दोनशे वर्षे त्यांच्या खेड्यांत एकाकडे सणांची दिनदर्शिका, एकाकडे बाप्तिस्मा देण्याचे काम, आणि घरोघर पश्चात्तापाची प्रार्थना, एवढी व्यवस्था टिकली होती. ख्रिस्तयाग त्यांस मिळाला नाही, आणि त्याची भूक त्यांनी मुलांत जिवंत ठेविली. म्हणूनच धर्मगुरू आला तेव्हा त्यांनी त्यास ओळखले.

आता मी माझ्याविषयी एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगणे मला सोपे नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका रात्री दूरच्या पाड्यावरून निरोप आला की, म्हातारा अत्यवस्थ आहे. मी निघालो, वाटेत ओढ्याला पूर, फरशीवरून पाणी धो धो चाललेले. रात्रभर अलीकडे थांबावे लागले. उजाडता पाणी उतरले, मी पोहोचलो, तोवर ते गृहस्थ प्रभूकडे गेले होते. निसर्गापुढे इलाज नव्हता. त्याचा मला बोल नाही. परंतु त्यांच्या सुनेने मला सांगितले की, मामंजींनी रात्री दोनदा म्हटले, "कोणीतरी प्रार्थना म्हणा रे." घरात अकरा माणसे होती. सर्वांचा बाप्तिस्मा झालेला, सर्व रविवारी मिस्सेला येणारी. उशाशी मेणबत्ती लावलेली होती, जपमाळ हाताशी होती. आणि कोणी काही म्हटले नाही. का? तर, "फादर येतील, ते म्हणतील, म्हणून थांबलो."

त्या घरास मी दोष दिला नाही. थांबावयास त्यांस मीच शिकविले होते. इतकी वर्षे मी उत्तम प्रकारे विधी केले, आणि लोक माझ्यामागे 'आमेन' म्हणत राहिले. मी त्यांस याजक म्हणून मिळालो. गुरू म्हणून पुरेसा मिळालो नाही. बेने इस्राएलांकडे शंभर गोष्टी नव्हत्या, परंतु मरणाऱ्याच्या कानात शेमा म्हणावयास त्यांस कोकणात कोणी रब्बी मिळण्याची वाट पाहावी लागली नाही.

माझे म्हणणे कोणी विपरीत घेऊ नये. धर्मगुरू नको असे मी म्हणत नाही. त्याची वाट पाहावी, त्यास बोलवावे, रात्री-बेरात्री उठवावे. परंतु वाट पाहताना मुके बसू नये. रब्बी म्हणजे गुरू, आणि गुरूच्या यशाची खूण ही की, तो जवळ नसतानाही त्याने शिकविलेले घरात बोलले जाते. उद्या एखादा रहाबी आपल्या पाड्यावर आला, तर तो तुमच्या चुलीपाशी काय ठेवील? मासळी ठेवणार नाही. तो लहान मुलास खुणेने क्रूस करावयास सांगेल. आजीला विचारील की, नुकते जन्मलेले मूल हातातून जाऊ लागले आणि धर्मगुरू दूर असला, तर काय करशील? सुनेला विचारील की, संध्याकाळी ह्या घरात कोण प्रार्थना सांगतो? ह्या प्रश्नांस आज तुमच्या घरातून काय उत्तर निघेल, ते तुमचे तुम्ही मनात देऊन पाहा.

म्हणून ज्युबिलीनिमित्त मी आपणांकडे तीन गोष्टी मागतो. पहिली: प्रत्येक पाड्यातून दोन माणसे, त्यांपैकी एक तरी स्त्री, मला द्या. संकटसमयीचा बाप्तिस्मा कसा द्यावा, मरणोन्मुख माणसाजवळ कोणत्या प्रार्थना म्हणाव्या, पश्चात्तापाची प्रार्थना त्याच्याकडून कशी म्हणवावी, हे मी त्यांस शिकवीन. दुसरी: दिवेलागणीस घरात प्रार्थना व्हावी, आणि ती घरातील माणसानेच सांगावी, ज्या बोलीत तुम्ही हसता-रडता त्या बोलीत म्हटली तरी देवास ती कळते. तिसरी: रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्री घरी वाचावे. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, ज्याला येत नाही त्याने ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी मला प्रश्न विचारावा. मुलाने विचारलेल्या एका प्रश्नाने मला किती शिकविले, हे आपण आताच पाहिले.

माझ्याकडून मी एक वचन देतो. पहिला वर्ग येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू होईल, आणि तो त्या ओढ्यापलीकडच्या पाड्यावर, त्याच घराच्या ओटीवर होईल. त्या सुनेने होकार दिला आहे. शिकणाऱ्यांत पहिले नाव तिचे आहे.

योबेलाचे शिंग वाजले म्हणजे ज्याचे त्याला परत मिळत असे. प्रार्थना घराची होती. ती ह्या ज्युबिलीत घराला परत मिळो. सर्वसमर्थ देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.